निळ्या पाण्यातल्या पिवळ्या होड्या

माणसाने कुत्र्याच्या डोळ्यांनी जग पाहिलं तर निम्मी भांडणं जागच्या जागी मिटतील, असं रंगाच्या कारखान्यातल्या तपासनिसाचं ठाम मत होतं. त्याचं स्वतःचं भांडण घरमालकीणबाईंशी होतं. तो आणि त्याची बायको कामावर गेले की त्यांचा कुत्रा दिवसभर गळा काढायचा. शेवटी बाईंनी निर्वाणीचं सांगितलं, "कुत्रा गप्प करा, नाहीतर जागा सोडा."

तपासनीस कंबर कसून कामाला लागला. कुत्र्यांना लाल रंग धड दिसत नाही, निळा आणि पिवळा दिसतो, म्हणून त्याने निळ्या पाण्यावर संथ डुलणाऱ्या पिवळ्या होड्यांचा लांबलचक व्हिडिओ निवडला. आवाज कुजबुजीइतका ठेवला, टीव्ही जमिनीलगत आणला. मग परिणाम नीट तपासावा म्हणून आठवडाभर रजा टाकली आणि कुत्र्याशेजारी फरशीवर ठाण मांडलं.

कुत्र्याने हूं की चूं केलं नाही. मालकाच्या मांडीवर डोकं ठेवून तो आठवडाभर घोरत पडला.

"बघ, होड्यांनी काम केलं!" तपासनीस बायकोला म्हणाला.

"केलं असेल हो. पण तो बघत कुठे होता?"

"अगं, शास्त्र आहे ते. तुला नाही कळायचं."

सोमवारी टीव्हीवर होड्या लावून तो कामावर निघाला. गल्लीचं टोक यायच्या आतच बाईंचा फोन आला. फोनवर बाईंपेक्षा कुत्राच जास्त ऐकू येत होता.