फंक्शन रूममधलं मावंदं

काशीहून आलं की मावंदं घालायचं, हे शैलाताईंना कुणी शिकवायची गरज नव्हती. गंगेची पूजा करायची, चार माणसं जेवू घालायची, आणि आलेल्यांनी यात्रा करून आलेल्याच्या पाया पडायचं, म्हणजे थोडं पुण्य त्यांच्याही पदरात. पण ते मावंदं सिंगापुरात, ईस्ट कोस्टच्या कंडोत, म्हणजे फ्लॅटांच्या सोसायटीत, स्विमिंग पूलशेजारच्या फंक्शन रूममध्ये, दुपारी बारा ते चार या वेळात उरकायचं आणि निरांजन बॅटरीवरचं लावायचं, कारण कंडोच्या नियमात पेटती ज्योत बसत नाही, हे त्यांच्या सुनेलाच सुचू जाणे.

"खरंच वाटतं हो आई अगदी," अनघा म्हणाली आणि तिनं त्या प्लास्टिकच्या निरांजनाचं बटण दाबलं. ज्योत लुकलुकायला लागली.

"वाटतंय की. वाटण्यापुरतंच तर चाललंय सगळं," शैलाताई म्हणाल्या.

अनघानं ऐकलं नाही, किंवा ऐकून सोडून दिलं. ती आणि सुबोध, दोघंही चांगी बिझनेस पार्कातल्या बँकांमध्ये मॅनेजर. ऐकून सोडून द्यायचाच पगार मिळतो दोघांना, असं शैलाताईंचं मत होतं. सून एक वेळ परक्या घरची, पण सुबोध? पोटचा पोरगा, बेचाळिशीचा घोडा, आणि बायकोनं मान हलवली की याची हलते.

खोटं कशाला बोला, "आई, तुला काशीला नेतो" असं तो पहिल्यांदा म्हणाला तेव्हा शैलाताईंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. चार वर्षांपूर्वी निशिकांतराव गेले. शेवटच्या दिवसांत त्यांनी बायकोचा हात धरून एवढंच मागितलं होतं, "माझी काशी राहिली. तू जाशील तेव्हा माझ्या नावानं तीन बुड्या मार." तीस वर्षं तो माणूस जाऊ जाऊ करत होता. कधी रजा नाही, कधी सुबोधची दहावी, कधी ऐन वेळी मूतखडा. शैलाताईंनी शब्द दिला. तीन बुड्या. त्यापलीकडे त्यांना काशीतलं काही नको होतं.

आणि पोरानं काय केलं? दिल्लीहून निघून जयपूर, रणथंबोर, आग्रा, ग्वाल्हेर, खजुराहो अशी मिरवत मिरवत सातव्या दिवशी काशीला टेकणारी राजेशाही गाडी बुक केली. "आई, तुला साध्या गाडीचे हाल नकोत," म्हणे. हाल! अहो, यात्रा म्हणजे हाल आलेच की.

काय एकेक थेरं होती त्या गाडीची! प्रत्येक स्टेशनावर सनई, लाल पायघड्या, गळ्यात झेंडूच्या माळा. बाजूच्या फलाटावर माणसं ट्रंकांवर बसून यांच्याकडे टकामका बघताहेत, आणि हे आपले फेटे बांधून त्यांना हात हलवताहेत. त्यात अनघाला तर आपण कुठली तरी संस्थानिकीण आहोत असंच वाटायला लागलेलं. आमेरच्या किल्ल्यावर हत्तीवर बसायला गॉगल घातला. रणथंबोरला पहाटे पाचला उठवून जीपमधून हाडं खिळखिळी केली, आणि वाघाच्या नावानं एक मोर दाखवला. खजुराहोला गाइड त्या मूर्तींपुढे सासूसुनेला उभं करून सविस्तर सांगत सुटला, तेव्हा सुबोध बुटाची नाडी बांधत खाली बसला तो उठेचना. अकरा वर्षांची जाई मात्र "पपा, व्हाय आर दे अपसाइड डाउन?" असं मोठ्यानं विचारत होती. कपाळ माझं, दुसरं काय!

काशीच्या वाट्याला आला एक दिवस. सकाळी सारनाथ, दुपारी रेशमी साड्यांचं दुकान, संध्याकाळी नावेतून आरती, रात्री गाडी परत दिल्लीकडे.

त्या संध्याकाळचं शैलाताईंनी पुण्याच्या धाकट्या बहिणीला फोनवर सांगितलं ते असं. नावेत गाद्यागिरद्या, गुडघ्यांवर शाल, हातात आल्याचा चहा. आरती लांबून बघितली आणि आले परत.

"आणि बुड्या?" बहिणीनं विचारलं.

"कसल्या बुड्या नि कसलं काय! उतरू देतील तर ना. इन्फेक्शन होतं म्हणे."

"अगं बाई! आणि सुबोध काही बोलला नाही?"

"तो काय बोलणार? त्याला तोंड आहे का?"

बहीण तिकडे खूप हळहळली. शैलाताईंना त्या हळहळीनं फार बरं वाटलं. मग त्यांनी तेच नणंदेला सांगितलं, मग शेजारच्या कुलकर्णीणबाईंना सांगितलं, आणि सांगता सांगता ते अगदी तोंडात बसलं.

मग मावंद्याला हो का म्हणालात, असं कुणी विचारलं असतं तर पंचाईत होती. पण विचारतो कोण? सिंगापूरला परत आल्या आल्या अनघानं मराठी बायकांच्या ग्रुपवर टाकलंसुद्धा, सासूबाईंची काशी झाली, शनिवारी यायचं. नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं. शैलाताईंनी नवी नऊवारी काढली आणि पाटावर जाऊन बसल्या.

पूजा सांगायला गुरुजी होते, पण ते पुण्यात आणि इथे लॅपटॉपवर. मध्येच नेट अडकायचं आणि गुरुजी तोंड उघडं टाकून तसेच थांबायचे. तोवर सगळे हातात अक्षता धरून त्यांच्या पडजिभेकडे बघत बसायचे. चौरंगावर गंगेचा तांब्याचा गडू, डाग देऊन बंद केलेला. सुबोधनं तो सामानातून जपून आणला होता, तेवढं एक काम धड केलं होतं. मागच्या भिंतीवर मोठ्या टीव्हीवर गाडीतले फोटो आपोआप सरकत होते. अनघा हत्तीवर, अनघा शाही डब्याच्या दारात, अनघा आणि ताजमहाल.

पंचवीस-तीस माणसं जमली होती. सहाव्या मजल्यावरची सुलेखा शैलाताईंना चिकटून बसली आणि तिनं एकामागून एक प्रश्न विचारले. डब्यात टब होता का? फेटेवाला माणूस प्रत्येक खोलीला वेगळा का? नाश्त्याला इडली मिळते का? काशीचं एक अक्षर नाही. शैलाताई हो-नाही करत राहिल्या. ह्या असल्या लोकांनी आपल्या पाया पडायचं, ह्यांना कसलं पुण्य नि कसलं काय, फोटो काढतील नि सुटतील. आणि तसंच झालं. एकेक जण यायचा, वाकल्यासारखं करायचा, फोनकडे बघून हसायचा आणि श्रीखंडाच्या वाटीकडे वळायचा. शैलाताई प्रत्येकाला "सुखी राहा" म्हणत होत्या आणि मनातल्या मनात प्रत्येकाला नाक मुरडत होत्या. टॅम्पिनीसच्या बाईकडून आणलेल्या पुरणपोळ्यांचा वास सुटला होता.

सगळ्यात शेवटी ज्ञानेश्वर आला. बीडकडचा पोरगा, इथल्या विद्यापीठात पीएचडीनंतरचं काहीतरी संशोधन करायचा, सुबोधनं कुठल्याशा गणपतीत ओळख काढून बोलावलेला. त्यानं फोनबिन काढला नाही. सरळ पाटासमोर गुडघे टेकले आणि शैलाताईंच्या पावलांवर डोकंच ठेवलं.

"अरे अरे," शैलाताई म्हणाल्या.

"आजी, माझ्या आईला लई जायचं होतं काशीला," तो डोकं न उचलताच म्हणाला. "आता ती अंथरुणाला खिळलीय. काल फोनवर मला म्हणली, तिथं कुणी गंगेत न्हाऊन आलेलं असंल तर त्यांच्या पायावर डोकं ठेव, मला पोचतं."

त्याच्या कपाळाची ऊब पावलांना लागली तशी शैलाताईंनी चटका बसावा तसे पाय ओढून घेतले. पोरगा दचकून वर बघायला लागला.

"काय झालं आजी?"

"नको. माझ्या नको पाया पडूस."

"काय चुकलं का माझं?"

सुलेखा पुढे वाकली. लॅपटॉपवरचे गुरुजीसुद्धा नेमके तेव्हाच सुरळीत चालू झाले आणि विचारायला लागले, "काय झालं, काय झालं? मातोश्रींचं गंगास्नान झालंय ना व्यवस्थित?"

सगळी खोली त्यांच्याकडे बघत होती. तेवढ्यात हातातला पाण्याचा जग खाली ठेवून सुबोध पुढे आला.

"नाही झालं, गुरुजी," तो म्हणाला. "मीच उतरू दिलं नाही आईला. पाणी फार घाण होतं. मला किळस आली."

खोलीत कुणीतरी च् च् केलं. सुलेखानं तोंडाला पदर लावला आणि शेजारणीकडे बघितलं. "अहो, एवढं काशीपर्यंत नेलं," मागून एक पुरुषी आवाज आला, "आणि आईला साधी एक बुडी नाही मारू दिली?" ज्ञानेश्वर उठून उभा राहिला होता. तो सुबोधकडे वरपासून खालपर्यंत बघत राहिला. ती नजर शैलाताईंनी ओळखली. गेले पंधरा दिवस त्या स्वतः त्याच नजरेनं पोराकडे बघत होत्या. सुबोध मान खाली घालून उभा होता, आणि अनघानं, जिला त्यांनी आजवर ढिम्म समजून सोडून दिलं होतं, त्याच्या कोपराला हात लावून हळूच म्हटलं, "सुबोध, पुरे आता."

म्हणजे फोनवर आपण काय सांगत सुटलो होतो ते हिलाही माहीत होतं. आणि पंधरा दिवसांत सासूचे टोमणे खाऊनही ही बया एक शब्द बोलली नव्हती.

"खोटं बोलतोय तो," शैलाताई म्हणाल्या.

"आई, राहू दे," सुबोध म्हणाला.

"गप्प बस. गुरुजी, ऐका. हा खोटं बोलतोय. यानं त्या गाइडशी भांडून नाव घाटाला लावायला लावली. पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि स्वतः पाण्यातल्या पायरीवर उभा राहिला. हा गडूसुद्धा यानंच भरला, तेव्हाच. मग हात पुढे केला आणि म्हणाला, आई, ये, मी धरतो." त्यांचा आवाज चिरकला. "मी पाण्याकडे बघितलं. सडलेली फुलं, साबणाचा फेस, कसली तरी पिशवी तरंगत होती. मलाच शिसारी आली. आठवडाभर त्या गाडीत मऊ गाद्यांवर लोळले ना मी, गुलाबपाण्याच्या रुमालांनी हात पुसत होते, आवडत होतं ते मला. म्हटलं, शी, ह्या घाणीत? त्यानं तीनदा बोलावलं. तिसऱ्यांदा मी त्याच्यावर खेकसले, की चल आता परत, जेवणाची वेळ झाली."

मग सुलेखाच म्हणाली, "चालायचंच हो काकू. पाणी असतंच तिथलं तसं."

"मनात होतं ना आजी तुमच्या, मग झालं," ज्ञानेश्वर म्हणाला. त्यानं सुबोधच्या खांद्यावर हात ठेवला. गुरुजींनी पुण्यातून भाव महत्त्वाचा वगैरे सुरू केलं. कुणाच्याही तोंडावर राग नव्हता, कुणी नाक मुरडलं नाही. शैलाताई एकेकाकडे बघत राहिल्या.

जाई येऊन त्यांच्या पाटाच्या कडेला टेकली. "इट्स ओके ला, आजी," ती म्हणाली. "पाणी सुपर डर्टी होतं. एनीबडी पण नसतं गेलं."

"तुझ्या आजोबांना सांग तसं," शैलाताई म्हणाल्या.

जाई बापाकडे बघायला लागली. सुबोध पाटासमोर आला, थोडा वाकला आणि आईला उठवायला त्यानं हात पुढे केला.

"चल आई," तो म्हणाला, "पानं वाढलीत."

त्या पुढे आलेल्या हाताकडे बघून शैलाताई सगळ्यांदेखत हमसून हमसून रडायला लागल्या.