लेजेर पुलाचा आराखडा

ओडील कॉर्मिएच्या लॅपटॉपवर सगळं सुरळीत चालत होतं, आणि खरी गोम तिथंच होती.

फ्रेडरिक्टन शहरातल्या, पूल तपासणाऱ्या एका छोट्या कंपनीत ती नोकरीला होती. प्रांतातल्या लहानमोठ्या पुलांचे जुने आराखडे स्कॅन करून ऑफिसातल्या सामायिक ड्राइव्हवर ठेवलेले होते. नदीकाठी उभ्या असलेल्या तपासनिसाला ते आपल्या टॅबलेटवर, साध्या ब्राउझरमध्ये उघडता यावेत म्हणून तिनं एक वेब ॲप्लिकेशन लिहिलं. साहेबांना दाखवलं तेव्हा एकेक आराखडा झरझर उघडला. पण तेच ॲप्लिकेशन सर्व्हरवर चढवलं आणि एकही उघडेना. ड्राइव्ह विंडोजच्या यंत्रावर, सर्व्हर लिनक्सचा. दोघांची जणू ओळखच नव्हती.

इकडे बर्फ वितळून सेंट जॉन नदी चढायला लागली होती. साहेब, म्हणजे गॉर्डन एस्टाब्रुक्स, दर तासाला दारात डोकावत. "सोमवारी माणसं पुलांवर जाणार आहेत, ओडील. तोवर होईल ना?"

शेवटी ती रोझलिंड क्रीगनकडे गेली. ऑफिसचं सगळं नेटवर्क रोझलिंड सांभाळायची. साठीला टेकलेली, आवाज चढवायची नाही, पण एकदा 'नाही' म्हणाली की ब्रह्मदेव आला तरी 'हो' म्हणायची नाही.

"पूर ओसरेपर्यंत तो ड्राइव्ह सगळ्यांना खुला करा ना," ओडील म्हणाली. "पासवर्डच नको. मग सर्व्हरला दिसेल."

"सर्व्हरला दिसेल आणि गावालाही दिसेल. नाही."

"पण माझ्याकडे 'एम' ड्राइव्ह म्हटलं की लगेच उघडतो!"

"तुझ्याकडे उघडणारच. 'एम' हे तुझ्या लॅपटॉपनं ठेवलेलं लाडाचं नाव आहे गं. परक्या गावात जाऊन लाडाच्या नावानं हाक मारलीस तर ओ कोण देणार? शिवाय तुझ्याकडे तू लॉग-इन केलेलं असतं. सर्व्हरवर कोण करतं?"

सर्व्हरवर कुणीच करत नव्हतं.

रोझलिंडनं शेजारची खुर्ची ओढली. "बस. चहा घेतेस का? नाही? बरं, मग कामाला लागू."

पुढचं पाहताना ओडीलचा राग कधी विरला ते तिला कळलंच नाही. रोझलिंडनं फक्त त्या ॲप्लिकेशनसाठी एक वेगळं खातं उघडलं. त्याला आराखडे वाचता यावेत, पण एक रेघही पुसता येऊ नये, असा बंदोबस्त केला. मग त्या खात्यानं तो ड्राइव्ह सर्व्हरच्या एका फोल्डरला जोडून दिला. ओडीलनं आपल्या प्रोग्रॅममधला 'एम' काढून त्या फोल्डरचा पत्ता लिहिला. तपासनिसाच्या टॅबलेटला ड्राइव्ह दाखवायचाच नाही. सर्व्हरनंच आत जाऊन आराखडा आणायचा आणि ब्राउझरच्या हातात द्यायचा, असं ठरलं. रोझलिंडच्या कामात कुठं घाई नव्हती. प्रत्येक पायरीला ती थांबे, तपासे, मगच पुढं जाई. पहिला आराखडा उघडला तेव्हा ओडीलनं टाळी वाजवली. रोझलिंड नुसती म्हणाली, "आता सर्व्हर बंद करून परत चालू कर. तेव्हाही उघडला तर खरं."

तेव्हाही उघडला.

सोमवारी सकाळी तपासनीस तेओ आर्सेनोचा ओडीलला फोन आला. मागून पाण्याचा घोंघाट येत होता. "लेजेर पुलापाशी आहे मी. बाकीचे सगळे आराखडे उघडतात, याचाच म्हणतो 'सापडला नाही'. मधल्या खांबाजवळची माती वाहून चाललीय. खाली काय आहे ते मला आत्ता कळायला हवं!"

ओडीलनं लगोलग आपला प्रोग्रॅम उघडला. शेजारी बसलेल्या रोझलिंडनं तिच्या मनगटावर हात ठेवला. "ते मागाहून. आधी त्याला काय हवंय ते देऊ." तिनं आपल्या यंत्रावर ड्राइव्ह उघडला, यादीतून आराखड्यावर बोट ठेवलं आणि फोन जवळ घेतला. "तेओ, ऐक. मधला खांब खडकापर्यंत गेलेला नाही. लाकडी खुंट आहेत, तेही आखूड."

पाण्याच्या घोंघाटातून तेओ म्हणाला, "रस्ता बंद करतो."

तेव्हा कुठं दोघी चुकीच्या मागे लागल्या. फाइल तर डोळ्यांसमोर होती, नावही अक्षरन् अक्षर तेच.

"रोझलिंड, हा आराखडा कुणी स्कॅन केला?" ओडीलनं एकदम विचारलं.

"आपल्या मोंक्टनच्या ऑफिसात. तिथं सगळी मॅक यंत्रं."

ओडीलनं आपल्या प्रोग्रॅमच्या यादीतलं आणि ड्राइव्हवरचं, अशी दोन्ही नावं उलगडून पाहिली. 'लेजेर' हे नाव फ्रेंच, त्यातल्या एका स्वरावर तिरकी रेघ. तिच्या यादीत रेघेसकट ते एकच अक्षर होतं. मॅकनं मात्र अक्षर वेगळं आणि रेघ वेगळी साठवली होती. माणसाच्या डोळ्याला एक, यंत्राच्या लेखी दोन. तिनं दोन्ही नावं एकाच साच्यात आणून मग ताडून पाहायची सोय केली, आणि आराखडा उघडला.

"हे माझ्या ध्यानात आलं नसतं," रोझलिंड म्हणाली. तिच्या तोंडून असं वाक्य ऑफिसात कुणी ऐकलं नव्हतं. ओडीलचे कान लाल झाले.

दुपारी लेजेर पुलाचा मधला खांब कलला आणि फळ्या नदीत गेल्या. पुलावर कुणी नव्हतं. शाळेची बस वरच्या वळणावरूनच परत फिरवली होती.

पाणी उतरल्यावर तेओ चिखलाच्या बुटांनिशी ऑफिसात आला. काठावर उगवलेल्या नेच्याचे कोवळे, गुंडाळलेले कोंब त्यानं भाजीसाठी पिशवीभर आणले होते. "जिनं तो आराखडा वाचून दाखवला तिला," तो म्हणाला.

ओडीलनं पिशवी रोझलिंडच्या टेबलावर ठेवली. रोझलिंडनं बरोबर अर्धे कोंब काढून तिच्यापुढं सरकवले. "आधी चांगले उकळ, ते पाणी फेकून दे, मग लोण्यावर परतून घे. घाई केलीस तर पोट बिघडेल."

"तुम्ही शिकवाल का मला?" ओडीलनं विचारलं.

"कोंब?"

"नाही हो. बाकीचं सगळं."

रोझलिंडनं चष्मा पुसला, परत डोळ्यांवर चढवला आणि शेजारची खुर्ची ओढली.