गहिनीनाथ आजोबांनी मला ऐकलं

मित्रांनो, नगरच्या एका चर्चच्या सभागृहातला मी जुना पियानो. माझं अंग लाकडाचं, तारा पोलादी. रविवारची गीतं, नाताळ, कितीतरी लग्नं मी वाजवली. मग छोटा कीबोर्ड आला आणि माझ्या पाठीवर सतरंज्यांचे गठ्ठे येऊन बसले. उंदरांनी आतल्या हातोड्यांवरचा नमदा, म्हणजे लोकरीचं जाड कापड, कुरतडला. त्या वर्षांबद्दल फार बोलत नाही.

संगीत शिकवणाऱ्या दयाबाईंनी मला पुन्हा उघडलं. पुण्याहून कारागीर बोलावून माझे सूर जुळवून घेतले. त्यांची विद्यार्थिनी धनश्री केडगावची, नववीतली. नवी रचना शिकली, की तिच्या संगीतकाराविषयी ती वहीत टिपण लिहिते आणि कार्यक्रमात वाजवण्याआधी वाचून दाखवते.

यंदाच्या कार्यक्रमाला तिचे आजोबा गहिनीनाथ मिरजगावहून आले. शुगर फॅक्टरीत यंत्रांच्या गोंगाटात तीस वर्षं काढली, त्यात त्यांचे कान गेले.

"मला काय ऐकू येनार, पोरी? तू वाजव, मी बघत बसतो," ते म्हणाले. धनश्रीचा चेहरा उतरला.

तिची पाळी आली. तिने वाचायला सुरुवात केली, "बेथोव्हेनचे कान हळूहळू गेले. तरीही तो रचना करत राहिला..." आणि ती मध्येच थांबली. वही मिटून सरळ पहिल्या रांगेत गेली. आजोबांना हाताला धरून माझ्यापाशी आणलं आणि त्यांचा तळहात माझ्या लाकडावर टेकवला.

सगळे पाहत राहिले.

धनश्री वाजवू लागली. सुरुवातीला एक सूर निसटलाही. मी मात्र माझे खर्जातले सूर जीव ओतून घुमवले. आजोबांचा खरखरीत तळहात क्षणभर दचकला.

"हाय की गं! हातातनं वर चढतंय!" ते मोठ्याने ओरडले.

सभागृह हसलं. धनश्रीही हसली, पण थांबली नाही. आता तिची बोटं मोकळी झाली होती. शेवटचा सूर विरत गेला, तरी आजोबांनी हात काढला नाही. तारा पूर्ण शांत झाल्यावर ते हळूच म्हणाले, "लई ग्वाड."

एवढं कौतुक मला पूर्वी कधी मिळाल्याचं आठवत नाही.

मित्रांनो, तुमच्या शाळेत, देवळात, चर्चमध्ये एखादी पेटी नाहीतर पियानो धूळ खात असेल. त्यावर सामान रचू नका. ओल आणि उंदीर दूर ठेवा. वाजवता येत नसलं तरी झाकण उघडून एक पट्टी दाबून बघा. आत कुणीतरी आहे, हे तुम्हाला लगेच कळेल.