थिनरचा आकडा

"आकडा पाहिजे तर वकील पाठवा, वहिनी. फोन कशाला केलात?"

दिराचा आवाज तसाच होता, नरड्यात खडे घोळवल्यासारखा. नवरा गेल्यावर या दिरानं घरच्या थिनरच्या कारखान्याला नवं कुलूप घातलं आणि तिचं तिथलं येणं-जाणं कायमचं बंद केलं. तेव्हापासून दोघं एकमेकांशी बोलत नव्हती. आज तिलाच गरज पडली होती.

"भावजी, मी केसबीस काही करत नाहीये. माझं कामच हे आहे," ती आवाज न चढवता म्हणाली. "कुठलं रसायन किती तापलं की पेट घेतं, ते कारखान्यांकडून मागवायचं आणि आमच्या प्रोग्रॅममध्ये भरायचं. ते बघून गोदामवाले पिंपं कुठं ठेवायची ते ठरवतात. तुमच्या थिनरची तेवढी जागा कोरी आहे."

"मग राहू द्या कोरी."

"कोरी राहिली की प्रोग्रॅम हिरवा रंग दाखवतो. म्हणजे धोका नाही असं."

"झालं तर मग! देव पावला." त्यानं फोन आपटला.

पलीकडच्या टेबलावरून साहेब सगळं ऐकत होते. "अहो बाई, तसल्याच दुसऱ्या एखाद्या थिनरचा आकडा चिकटवा आणि मोकळ्या व्हा. हे थिनर घेणारे बूट कारखानेवाले माझ्या डोक्यावर बसलेत."

"यात काय काय मिसळलंय ते आपल्याला कुठं माहितीय, साहेब?"

"तुम्हाला ना, भांडण उकरून काढायची हौसच आहे," साहेब म्हणाले आणि खुर्ची फिरवून बसले.

जेवणाच्या सुट्टीत ती उठून थेट कारखान्यावर गेली. पूर्वी तिला बघून उठून उभा राहणारा वॉचमन आता जागचा हलला नाही. दीर आला, पण त्यानं फाटक उघडलं नाही.

"दादा असता तर तुमचं हे वागणं बघून त्याला लाज वाटली असती," तो गजांआडून म्हणाला.

"ते असते तर माल तपासून घेतला असता."

हे बरोबर वर्मी बसलं. दिराच्या मानेची शीर टरारून फुगली. "नाही तपासला! कधीच नाही तपासला. बाजारात जे स्वस्त मिळेल ते मिसळतो. मिळालं उत्तर? लिहा जाऊन, आणि परत इथं तोंड दाखवू नका!"

तिनं तसंच लिहिलं. 'तपासलेलं नाही. पेट घेणारं समजावं.' पडद्यावरची हिरवी पट्टी लालभडक झाली. लिहिलं त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. पण बटण दाबताना तिला जो आनंद झाला तो कामाचा नव्हता, हे तिचं तिलाही कळलं. तिला स्वतःचीच थोडी किळस आली. तरी तिनं ते पुसलं नाही.

साहेब एवढंच म्हणाले, "उद्या काही झालं तर निस्तरा तुम्हीच."

बूट कारखान्यानं दिराची सगळी पिंपं परत धाडली. मग आणखी गिऱ्हाइकं तुटली. दिराला निम्मी माणसं कमी करावी लागली. नात्यातल्या एकेकानं फोन करून तिला नाही नाही ते ऐकवलं.

सासू दिराकडेच राहायची. तिला डोळ्यांनी नीट दिसत नसे, आणि नखं कापायला ती थोरल्या सुनेशिवाय कुणालाही हात लावू देत नसे. एवढं सगळं होऊनही रविवारी ती नेहमीप्रमाणे सासूची नखं कापायला गेली. जावेनं दार उघडलं, पण साखळी काढली नाही.

"ते घरात आहेत. तुम्हाला आत घेऊ नको म्हणालेत."

"कोण आलंय?" आतून सासूचा आवाज आला. "घर बुडवलं ती का?"

"हो आई, मीच."

"पोटच्या पोरासारखा दीर, त्याच्या अन्नात माती कालवलीस! बरं नाही व्हायचं तुझं."

थोडा वेळ आत सासूची काठी आपटत राहिली. मग दाराच्या फटीतून, साखळीखालून, एक सुरकुतलेला हात बाहेर आला. बोटं फाकलेली होती.

ती पायरीवर टेकली आणि पर्समधून नेलकटर काढलं.

"अंगठ्याचं जपून," सासू आतून खेकसली. "खोल कापतेस तू."

"नाही कापत."

पाचही नखं झाली. हात आत गेला. दार उघडंही झालं नाही आणि लागलंही नाही. ती तशीच बसून राहिली. बऱ्याच वेळानं दुसरा हात बाहेर आला.