रेनडिअरची उलटी बाजू

आमच्या आईने आम्हा दोघी बहिणींना भरतकाम शिकवलं आणि त्यासोबत एक खोडही लावली. भरलेलं कापड पारखायचं ते उलट्या बाजूने. समोरून कुणीही छान दिसतं, ती म्हणायची, मागे गाठी किती आहेत, दोऱ्याने उड्या किती मारल्यात, ते बघा. आई गेली, खोड राहिली. मी ती सोडून दिली, ताईने मात्र डोक्यावर घेतली.

शुक्रवारी सकाळी ताईने आमचे सगळे नमुने टेबलावर नेहमीप्रमाणे पालथे मांडले. अकरा वाजता दुकानवाली बाई येणार होती. तिच्या दुकानातलं एक कपाट गेली काही वर्षं आमचं आहे. नाताळला भेटींसाठी टांगायचे मोजे, उशांचे अभ्रे, हातरुमाल, सगळं आमच्या हातचं. गेल्या नाताळला निम्मा माल परत आला. "काम सुबक आहे हो," बाई म्हणाली होती, "पण बघून कुणाला हसू येत नाही. यंदा पोरं हसली पाहिजेत. नाहीतर कपाट मी दुसऱ्या कुणाला देते."

कपाट गेलं तर ताई सोमवारपासून गणवेशांच्या कारखान्यात कॉलर शिवायला जाणार होती. तसं पत्र येऊन पडलं होतं आणि तिने ते कात्रीखाली दाबून ठेवलं होतं, मला उठता-बसता दिसेल असं. पंधरा वर्षं आम्ही या टेबलाशी समोरासमोर बसतोय. ती गेली तर रिकाम्या खुर्चीकडे बघत मी काय भरणार, हे मला कळत नव्हतं. आणि काही कळेनासं झालं की मला राग येतो.

सहा नमुने निवडायचे होते. ताई चष्मा सावरत एकेक पाठ तपासत होती. स्वच्छ पाठी उजवीकडे, गबाळ्या डावीकडे. उजवीकडे तिची घंटा गेली, तिची मेणबत्ती गेली, तिचा सांता गेला. डावीकडे माझी फौज: धुराड्यात अडकून नुसते बूट बाहेर राहिलेला सांता, स्वतःचंच गाजराचं नाक खाणारा बर्फाचा बाहुला, झाडावर चढून चांदणी पळवणारं मांजर, आणि असेच आणखी दोन-तीन. शेवटचा एक तुकडा तिने नीट न बघताच डावीकडे भिरकावला. त्याची पाठ माझ्याहूनही वाईट होती. तपकिरी दोऱ्याचा नुसता गुंता.

"हा कुठला?" मी विचारलं.

"तुझाच असणार. एवढा गोंधळ दुसरं कोण घालतं?"

मला तो भरल्याचं आठवेना. पण आठवडाभर मी हाताला येईल ते भरत सुटले होते, त्यामुळे वाद घातला नाही. घालायला दुसरे वाद होते.

"ताई, उजवीकडचं एकही हसवणारं नाही."

"डावीकडचं एकही दाखवण्यासारखं नाही."

"पाठ कोण बघतं गं?"

"मी बघते."

"मग तूच विकत घे. तुझा सांता बघून पोरं गुपचूप गृहपाठाची वही काढतील. हेडमास्तर दिसतो तो."

एरवी अशा बोलण्यावर ती मला टपली मारते. या वेळी तिचा हात उठला नाही. चष्मा काढून पदराने पुसला, पुन्हा घातला आणि कात्रीखालचं पत्र उगाच सरळ केलं. मी जीभ चावली, पण बोलून गेलेलं परत कुठे घेता येतं. ही खरंच जाणार, आणि शेवटचा धक्का माझाच असणार.

तेवढ्यात बेल वाजली. दुकानवाली बाई अर्धा तास आधीच आली होती.

तिने बूट काढले, पाणी नको म्हणाली आणि थेट टेबलापाशी जाऊन उभी राहिली. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की सगळे नमुने अजून पालथे आहेत. जगात दुसऱ्या कुठल्याही घरी गिऱ्हाईक यायच्या वेळेला माल पालथा मांडलेला नसेल. ताईचा हात पुढे झाला, पण बाई आधीच डावीकडच्या ढिगावर वाकली होती. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिले, ताई जमिनीकडे.

बाईने तो तपकिरी गुंता उचलला. तिच्या नाकातून एक चमत्कारिक आवाज आला, मग खांदे हलायला लागले, मग ती खुर्ची ओढून बसली आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली.

"हा माळेत पाय अडकून पडलाय का हो? एक डोळा केवढा, एक केवढा. आणि नाक बघा, कानापर्यंत गेलंय."

"ती उलटी बाजू आहे," ताई हळूच म्हणाली.

बाईने तुकडा सुलटा केला. समोर एक रेनडिअर होता, जीभ बाहेर काढलेला. डॉक्टरला दाखवावी तशी सरळ, शिस्तीतली जीभ. त्या टाक्यांत केसाइतकाही फरक नव्हता. अशी जीभ एकच बाई भरते. जिभेभोवती कापडाला बारीक भोकं पडली होती. तीन-चार वेळा उसवून पुन्हा भरली होती ती. मागचा गुंता त्याचाच होता.

मी ताईकडे पाहिलं. तिचे कान लाल झाले होते.

म्हणजे माझ्या पाठीमागे, माझ्यापासून लपवून, ही बया रेनडिअरला वात्रट करायला बसली होती. जमेना म्हणून उसवत होती, पुन्हा भरत होती. ज्या माणसाला कॉलर शिवायला जायचंय ते असलं काही करत नाही. मला इतकं बरं वाटलं आणि इतकी लाजही वाटली, की मी टेबलाची कड घट्ट धरली.

"ही बाजू ठीक आहे," बाई म्हणाली, "पण मला ती मागची हवी. दीडशे मोज्यांवर, हुबेहूब अशीच. होईल?" ती माझ्याकडे बघत होती.

"मला नाही जमणार," मी म्हटलं. "माझा गोंधळ दोनदा सारखा होत नाही. ताईला जमेल. हा तिचाच आहे."

गाठ दिसली की उसवणारी ताई, आता तिने त्याच गाठी मोजून-मापून समोर भरायच्या. तिने तुकडा हातात घेतला, खिडकीच्या उजेडात नेला. बाईने घड्याळ पाहिलं.

"होईल," ताई म्हणाली. "पण उलटी बाजू साफ राहील."

"अहो, ती मोज्याच्या आत जाणार. कोण बघणार?"

"मी बघणार."

बाकीचे पाच बाईने दोन मिनिटांत उचलले. चार डावीकडचे, आणि ताईची घंटा. बाई गेल्यावर मी दार लावून वळले, तर ताई खुर्चीत बसली होती. कात्री बाजूला सारून तिने कारखान्याचं पत्र ओढलं, पालथं घातलं आणि त्यावर रेनडिअरचा मोठा डोळा काढायला घेतला.

"ताई, ते पत्र आहे."

"पाठकोरं आहे," ती मान वर न करता म्हणाली. "या पेन्सिलीला टोक करून दे."

मी टोक करत उभी राहिले. डोळ्यांपुढे नीट दिसत नव्हतं, म्हणून ते दोनदा मोडलं.