कार्बुरेटरखालचं पॅकिंग

सावळीरामने इंजिनवरचा एअर फिल्टरचा डबा उतरवून बाकड्यावर ठेवला आणि पुंजाभाऊंना गाडी चालू करायला सांगितलं. मारुती चालू झाली, पण एका जागी थरथरत राहिली. आता बंद पडणार असं वाटेपर्यंत इंजिन खाली बसायचं आणि पुन्हा धडपडत सावरायचं.

पुंजाभाऊ घोटीचे. नाशकात द्वारकेजवळच्या याच गॅरेजात तीन आठवड्यांपूर्वी सावळीरामने गाडीचा पेट्रोल पंप बदलला होता, कार्बुरेटर खोलून आतले भाग नवे टाकले होते. त्यानंतर चौथ्या दिवशी मालनबाईंच्या छातीत कळ आली. पुंजाभाऊ बायकोला घेऊन नाशिककडे निघाले आणि वाडीवऱ्ह्याच्या पुढे, चढावर, गाडीने दम सोडला. पहिल्या गिअरमध्येही ती चढेना. मागून आलेल्या टेम्पोत बाईंना हलवेपर्यंत पाऊण तास गेला. दवाखान्यात डॉक्टरांनी नुसती मान हलवली.

हे सगळं पुंजाभाऊंनी स्टिअरिंगवर हात ठेवून, समोर बघत सांगितलं. कळ आली त्याच्या आदल्या दिवशी त्यांनी रस्त्याकडेच्या टपरीवरून कॅनमधलं सुटं पेट्रोल भरलं होतं. त्यात रॉकेल होतं, असं त्यांच्या मुलाचं, शेखरचं म्हणणं. दहाव्याला त्याने ते चारचौघांत बोलून दाखवलं. तेव्हापासून तो बापाशी बोलत नव्हता आणि गाडी दारात उभी होती. आज पुंजाभाऊंनी ती कशीबशी रखडत आणली होती.

"पोरगं खोटं नाय बोलत," ते म्हणाले. "मीच भरलं व्हतं ते."

सावळीरामने टाकीतलं थोडं पेट्रोल बाटलीत काढलं, वास घेतला, मनगटावर चार थेंब टाकून फुंकर मारली. थेंब उडून गेले. कातडीवर तेलकटपणा राहिला नाही.

मग त्याने कार्बुरेटरच्या बुडाशी, जोडावर, त्याच पेट्रोलचे काही थेंब सोडले. इंजिनची थरथर क्षणभर थांबली. पुन्हा सोडले, पुन्हा थांबली. त्याने हात वर करून गाडी बंद करायला सांगितली आणि पाना उचलला.

कार्बुरेटर काढल्यावर खालचं, जोड हवाबंद ठेवणारं पॅकिंग हातात आलं. काळं पडलेलं, एका बाजूने तडकलेलं. त्या फटीतून इंजिन फुकटची हवा ओढत होतं, म्हणून चढावर ताकद उरत नव्हती. पॅकिंग जुनं होतं. तीन आठवड्यांपूर्वी, पंप बदलला त्या दिवशी, स्पेअर पार्टचं दुकान बंद होतं आणि चालून जाईल म्हणून सावळीरामनेच ते परत बसवलं होतं.

पुंजाभाऊ बाहेर स्टुलावर बसले होते. त्यांचं लक्ष नव्हतं. सावळीरामने पॅकिंग खिशात घातलं.

दुकानातून नवं आणून बसवल्यावर गाडी एका लयीत चालू लागली. पुंजाभाऊ उठून जवळ आले.

"पेट्रोलचाच दोष व्हता ना?"

सावळीराम फडक्याने हात पुसत होता. हात कोरडे झाले तरी पुसत राहिला. मग त्याने खिशातून ते पॅकिंग काढलं.

"पेट्रोल चांगलं होतं, पुंजाभाऊ. चूक माझी झाली."

काय झालं होतं ते त्याने बोट ठेवून दाखवलं. दुकान बंद असल्याचं मात्र सांगितलं नाही. पुंजाभाऊंनी पॅकिंग तळहातावर घेतलं, उलटंपालटं केलं. सावळीराम शिव्यांची वाट बघत होता.

"हे शेखरला सांगाल?" त्यांनी विचारलं.

भर दुपारी गॅरेजचं शटर ओढून सावळीराम त्यांच्या शेजारी बसला. गाडी घोटीकडे निघाली. तोच चढ जाताना उतार झाला होता. तिथे पुंजाभाऊंनी गाडी उगाच हळू केली.

शेखर अंगणात भाताची पोती शिवत होता. सावळीरामने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. शेखरने त्याच्याकडे एकदाही पाहिलं नाही. त्याने दाभण पोत्यात खोचला. मग मान वर न करता बापाला म्हणाला,

"आण्णा, जेवले का?"

पुंजाभाऊंनी चपला काढल्या. ते दारातल्या पायरीवर बसले. शेखर उठून ताट वाढायला आत गेला.

सावळीराम अंगणात उभाच होता. त्याला कुणी बस म्हणालं नाही, जा असंही म्हणालं नाही.