विसरलेली पेंढी

फोन वाजला तेव्हा मास्तरांची कात्री कापडाच्या मधोमध होती. शाळेच्या शर्टांचं पांढरं कापड, एकावर एक आठ थर. अशा वेळी हात थांबवला की कडेला दात पडतात, म्हणून रेघ संपेपर्यंत त्यांनी फोन वाजू दिला. मग उचलला. पलीकडे दवाखान्यातली नर्स होती. तिनं आधी नाव विचारलं, मग नातं विचारलं, आणि मग म्हणाली, "जरा बसून घ्या."

मास्तरांची बायको दुकानात यायच्या आधी रक्तदाब तपासायला गेली होती. रांगेत तिचा नंबर सातवा होता. पाचवा पेशंट आत असतानाच ती बाकावरून कलंडली.

"काही बोलली का ती?" मास्तरांनी विचारलं.

"शेजारच्या आजींना म्हणाल्या, तुम्ही जा माझ्या आधी, मला घाई नाही. बस, तेवढंच."

बुधवार होता. सकाळचे साडेदहा वाजले होते.

मास्तर कापायचे आणि बायको शिवायची. एकतीस वर्षं असंच चाललं होतं. एका जुन्या इमारतीच्या मागच्या बाजूला, बोळाच्या टोकाला त्यांचं दुकान. पुढे कापायचं टेबल आणि तिचं पायाचं मशीन, मागे पडद्याआड इस्त्रीची छोटी खोली. गिऱ्हाइकं त्यांना मास्तर म्हणत, तिला बाई. मास्तरांचा हात असा की कापडावर खडूनं मांडणी केली की बाहीच्या कुशीत कॉलर बसे आणि कॉलरच्या पोटात खिसा. खाली चिंधीसुद्धा पडत नसे. याचा त्यांना गर्व होता, आणि तो ते लपवतही नसत.

तिला त्याच संध्याकाळी पुरलं आणि आठ दिवस दुकान बंद राहिलं. चर्चचे पाळक येऊन प्रार्थना करून गेले, मंडळीतली माणसं येऊन गेली. नवव्या दिवशी, गुरुवारी, मेहुणी म्हणाली, "भावोजी, चला, दुकान उघडू. समोरच्या शिंप्यानं मशीनचं विचारलंय. शनिवारी येऊन बघतो म्हणाला."

"बघू दे."

"नुसतं बघू दे काय? आता त्यावर कोण शिवणार आहे? तुम्हाला तर बटणसुद्धा लावता येत नाही."

"येतं. सरळ लागत नाही, एवढंच."

मेहुणी हसली आणि लगेच डोळ्यांना पदर लावला.

दुकानात गेल्यावर मास्तरांनी मशीनवरचं फडकं काढलं आणि ते बघतच राहिले. सुईत किरमिजी दोरा होता. मशीनवरचं काम पांढऱ्या शर्टांचं. गेले दोन महिने या दुकानात पांढऱ्याशिवाय दोरा लागला नव्हता.

"हा कुठून आला?"

मेहुणी टेबलावरची धूळ पुसायला लागली. ती एरवी गप्प बसणाऱ्यांतली नव्हती, म्हणून मास्तरांनी वळून पाहिलं.

"मंगळवारी कोणीतरी शिवून गेलं असेल," ती हळूच म्हणाली. "ताई बुधवारी सकाळी येऊन दोरा बदलायची. त्या बुधवारी ती आलीच नाही ना."

"कोण शिवून गेलं?"

"ते तिलाही माहीत नव्हतं."

मग तिनं स्टुलावर बसून सगळं सांगितलं. ऐकता ऐकता मास्तरांना एकेक आठवायला लागलं.

सहा वर्षांपूर्वी एका रविवारी पाळकांनी बायबलातल्या नियमशास्त्रातून उपदेश केला होता. कापणी करताना शेताच्या कोपऱ्यापर्यंत कापू नका. एखादी पेंढी शेतात विसरलात तर ती आणायला मागे फिरू नका. ती परक्यासाठी, पोरक्यासाठी, विधवेसाठी राहू द्या. घरी चालत येताना बायकोनं विचारलं होतं, "अहो, आपल्या शेताचा कोपरा कुठला असेल?"

"आपलं शेत? आपल्या कुंडीतलं रोप जगत नाही."

"थट्टा नको. आपणही कशाची तरी कडेपर्यंत कापणी करतच असू की."

"मी करतो ना! म्हणून तर मास्तर म्हणतात. माझ्या टेबलाखाली रुमालाएवढा तुकडा सापडला तर आयुष्यभर भांडी मी घासीन."

"म्हणजे कधीच नाही," ती म्हणाली होती, आणि विषय तिथंच संपला होता. निदान मास्तरांना तसं वाटलं होतं.

मंगळवारी आणि शुक्रवारी मास्तर तयार शर्टांचा गठ्ठा घेऊन साडेचारला शाळेचे कपडे विकणाऱ्या दुकानदाराकडे जात आणि तिथून परस्पर घरी. बायको मागे थांबे. या दोन दिवशी ती सहाऐवजी साडेपाचलाच उठायची. जाण्यापूर्वी खालच्या दोऱ्याची बॉबिन काठोकाठ भरायची, मशीनला तेल द्यायची, दिवा चालू ठेवायची आणि दाराला नुसती कडी घालून निघायची. बोळात कडेच्या खोल्यांतून राहणारी बरीच माणसं होती. त्यांतल्या कोणाला तरी कधीतरी ते दार उघडं सापडलं असणार, आणि तेव्हापासून ते माणूस येऊन आपलं काम शिवून जात असणार. इमारतीचा राखणदार नऊला मोठं फाटक लावी, त्यामुळे चोरीची भीती नव्हती.

"मी एकदा कुलूप लावायला गेले तर माझा हात धरला तिनं," मेहुणी म्हणाली. "म्हटलं, अगं, कोण येतं ते तरी बघ. तर म्हणाली, बघितलं की तो माझा उपकार होतो. न बघता सोडलं की त्या माणसाचं स्वतःचं काम होतं. तो मान वर करून जातो."

"मला का नाही सांगितलं?"

"तुम्ही कुलूप तपासायला लागला असता."

हे खरं होतं. वर्षातून तीन-चारदा मास्तर सकाळी आधी पोचत आणि त्यांना दाराला नुसती कडी दिसे. मग ते बायकोला फैलावर घेत. "डोकं कुठं असतं तुझं? उद्या स्वतःलाच विसरशील!" मंडळीत चारचौघांत त्यांनी तिला विसरभोळी म्हणून हसण्यावारी नेलं होतं. ती दर वेळी म्हणायची, "चुकलं हो." सहा वर्षं तिनं न केलेल्या चुकीची बोलणी खाल्ली होती आणि पुढच्या मंगळवारी पुन्हा तेच विसरली होती.

आठवड्यातून दोनदा, सहा वर्षं. मास्तर मशीनजवळ उभे राहिले. आपण ज्या बाईशेजारी एकतीस वर्षं जेवलो, झोपलो, तिची उंची आपल्याला माहीतच नव्हती, असं त्यांना वाटलं. ते टेबलाला धरून खाली बसले.

आणि मग एकच विचार डोक्यात बसला. तो माणूस कोण? मास्तरांना तो पाहिजे होता. उपकार मोजायला नव्हे. बायकोचं एवढं मोठं काहीतरी ज्याच्याकडे होतं, त्याच्या तोंडून तिच्याबद्दल एक शब्द ऐकायचा होता. शनिवारी मशीन जाणार होतं. हातात एकच शुक्रवार होता.

शुक्रवारी दुपारी ते एकटेच दुकानात आले. बॉबिन भरायला बसले. दोरा तीनदा गुंतला, एकदा बॉबिनच हातून निसटून टेबलाखाली गेली. शेवटी भरली, पण एका बाजूला फुगलेली. तेल दिलं, दिवा लावला, आतून कडी काढून दार नुसतं लोटून ठेवलं. मग इस्त्रीच्या खोलीत पडद्यामागे स्टूल ठेवून ते बसले.

पावणेसहाला दार ढकललं गेलं.

पावलं हलकी होती, पण एक पाय किंचित ओढला जात होता. पिशवी ठेवल्याचा आवाज आला. फडक्याची घडी कोणीतरी नीट घातली. मग बराच वेळ काहीच नाही. फुगलेली बॉबिन सापडली असणार, कारण पडद्यापलीकडून हलकंसं "अरे देवा" ऐकू आलं, आणि दोरा पुन्हा गुंडाळला जाऊ लागला.

मग मशीन सुरू झालं.

आधी अडखळत, चार टाके, थांबा, पुन्हा चार. मग एका लांब सरळ शिवणीला लागलं आणि आवाज भरून आला. मास्तरांनी हा आवाज हजारो दिवस ऐकला होता, पण तो कामाचा आवाज होता, त्याकडे कोण लक्ष देतं? आज त्यांच्या अंगावर काटा आला. उपासनेत सगळी मंडळी एकाएकी शांत होते तेव्हा कधीकधी वाटतं, तसं त्यांना वाटलं. इथं कोणीतरी आहे, आणि ते आपल्यापेक्षा फार मोठं आहे. आपल्या नऊ फुटांच्या दुकानात, इस्त्रीच्या जळक्या वासात, प्रभूनं सांगितलेली गोष्ट जशीच्या तशी घडत होती. शेत नव्हतं, धान्य नव्हतं, तरी कोणीतरी वेचत होतं.

त्यांचा हात पडद्याकडे गेला. दोन बोटं पुरली असती.

तेवढ्यात कट्ट आवाज होऊन सुई तुटली. मशीन थांबलं. लगेच डावीकडचा खालचा ड्रॉवर उघडल्याचा आवाज आला. सुया त्या ड्रॉवरमध्ये बटणांच्या डबीमागे असतात, हे मास्तरांना स्वतःला माहीत नव्हतं. आत्ता कळलं. बायकोनं त्या माणसासाठी तिथं ठेवल्या होत्या आणि त्या माणसाला त्या सापडल्या होत्या. दोघांची कधी भेट नाही, एक शब्द नाही, तरी एवढं सगळं बोलणं झालं होतं. आपण आता पडदा सारला तर काय होईल? ते माणूस उठून उभं राहील. हात जोडेल. मान खाली घालेल.

मास्तरांनी हात मागे घेतला. तेवढ्यानं भागेना, म्हणून ते उठले, स्टूल आवाज न करता उलटं फिरवलं आणि भिंतीकडे तोंड करून बसले. घळाघळा रडत होते, पण तोंडाला रुमाल लावून.

सातच्या सुमारास मशीन थांबलं. ब्रशनं धूळ झटकल्याचा आवाज आला, केर गोळा केल्याचा आला. पावलं दारापर्यंत गेली आणि थांबली. मग एका बाईचा आवाज, दमलेला, वय कळू नये असा, रिकाम्या दुकानाला उद्देशून म्हणाला, "देवा, दोनदा येऊन गेले, कुलूप होतं. त्या आजारी असल्या तर त्यांना लवकर बरं कर. दोरा आज कसातरीच भरलाय, हात दुखत असेल त्यांचा."

मास्तरांनी तोंड उघडलं. मग रुमाल पुन्हा तोंडावर दाबला. बाहेरून दार लोटलं गेलं.

शनिवारी समोरचा शिंपी आला तेव्हा मास्तर म्हणाले, "मशीन द्यायचं नाही." मेहुणीनं कपाळावर हात मारला. आता मास्तर कापून बाहेर शिवायला देतात. मंगळवारी आणि शुक्रवारी बॉबिन भरतात, ती आता बऱ्यापैकी सारखी भरली जाते. दिवा चालू ठेवतात, कडी घालतात आणि मागे वळून न बघता घरी जातात.

त्या बाईला कसं सांगायचं, हे मात्र त्यांना सुचत नाही. समोर जाऊन सांगितलं तर तिचं येणं बंद होईल. दोनदा त्यांनी टेबलावर खडूनं लिहिलं आणि दोन्ही वेळा जाण्यापूर्वी पुसलं. पाच आठवडे झाले. ती अजून येते, आणि दारात थांबून बाईंना बरं वाटावं म्हणून प्रार्थना करत असणार. बाई गेल्या, हे तिला अजून कोणी सांगितलेलं नाही.